गप्प बाईची पाटी

माणसाने डूख धरू नये म्हणतात. मी धरला, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कॅनडात हॅलिफॅक्सला आल्यावर मला पहिली नोकरी दिली ती एका मराठी काकांनी. निवृत्त इंजिनिअर, पूर्ण टक्कल, डाव्या भुवईवर मसुराएवढी चामखीळ. दुकानांच्या पाट्या बनवायचं त्यांचं वर्कशॉप होतं. चित्रं मी काढायची आणि ते क्लायंटसमोर "माय डिझाइन" म्हणून मांडायचे. पहिल्याच मीटिंगला जाताना त्यांनी गाडीत बजावलं, "तू नुसती बस. अजिबात बोलायचं नाही. तुझा ॲक्सेंट ऐकून क्लायंट कन्फ्यूज होतात, यू नो." त्यांचा स्वतःचा ॲक्सेंट चाळीस वर्षांनंतरही अस्सल पुणेरी होता. "हे हिने काढलं" एवढंच मला एकदा ऐकायचं होतं. तीन वर्षं मी गप्प बसले आणि ते माझ्या डोक्यावर मिरे वाटत राहिले.

मग बंदराजवळ पब काढणारा एक गोरा गृहस्थ आला. त्याला हाताने रंगवलेली लाकडी पाटी हवी होती. जुन्या काळी इंग्लंडमध्ये बऱ्याच गिऱ्हाइकांना वाचता येत नसे, म्हणून दारावर चित्र टांगत आणि चित्र तेच नाव: लाल सिंह, राजाचं डोकं. ऑस्ट्रियात वाइन विकणारे नुसती झाडाची फांदी टांगतात, असंही त्याने सांगितलं. मला नवल वाटलं नाही. नागपूरला आमच्या चौकातल्या हॉटेलवर ठसठशीत अक्षरांत देवाचं नाव होतं, पण आत मोठे आरसे होते म्हणून अख्खा मोहल्ला त्याला आरशाचं हॉटेल म्हणायचा.

ह्याच्या पबला नाव हवं होतं इंग्लंडातल्याच एका जुन्या चालीचं, 'गप्प बाई'. पाटीवर बाई असते, तिला डोकं नसतं. डोकं नाही म्हणून गप्प. दोघे पोट धरून हसले. "मॉडेल आमच्याकडे आहेच," काका माझ्याकडे बोट दाखवत त्याला इंग्रजीत म्हणाले. ह्यांना सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

स्केच सरळ काढलं. बिनडोक्याची बाई, हातात रिकामा ट्रे. काकांनी ते पास केलं आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुलीकडे कोक्विटलामला गेले. मग मी त्या ट्रेमध्ये एका पुरुषाचं डोकं ठेवलं. टक्कल, भुवया, चामखीळ, सगळं जीव ओतून रंगवलं. पबवाला चामखिळीकडे बराच वेळ बघत राहिला, आणि मग हसत हसत पाटी गाडीत टाकून घेऊन गेला.

काका परतले तोवर पबचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. फेरीबोटीत लोक एकमेकांना सांगत होते, "सी यू ॲट द बॉल्ड हेड." आपल्या मराठी मंडळातलेही जाऊन फोटो काढून आले. तक्रार करायची तर आधी डोकं आपलं आहे हे काकांना कबूल करावं लागलं असतं. शिवाय पाटीच्या कोपऱ्यात, नेहमीप्रमाणे, डिझाइनर म्हणून त्यांचंच नाव होतं.

पुढच्या मीटिंगला नव्या क्लायंट बाईंनी विचारलं, "ती पबची पाटी तुमचीच ना? ते डोकं कुणाचं?" मग त्यांची नजर काकांच्या भुवईवर गेली. काकांचं टक्कल लाल झालं. ते माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "अगं, काहीतरी बोल ना."

मी नुसती बसले.