माणसांची लाँच

रविवारी संभाजीनगरहून लोक गाड्या भरभरून धरणाच्या पाण्याकाठी जातात. माझा मुलगाही मुकुंदवाडीहून सगळ्यांना घेऊन निघतो. दुर्बिणीतून पक्षी बघायचे, भेळ खायची आणि पाण्यापासून लांब, कोरड्यात उभ्या असलेल्या दगडी धक्क्यावर चढून फोटो काढायचे. मागच्या खेपेला सून म्हणाली, "आई, तुम्हीपण उभ्या राहा ना." मी गाडीतून उतरलेच नाही. त्या धक्क्यानं माझं काय केलं ते तिला काय ठाऊक!

आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात. धरणाआधी तिचं पात्र हाकेच्या अंतराचं होतं. तेव्हा धक्का कसला, चिखलात चार फरश्या टाकलेला उतार होता. एक मोठी लाकडी नाव आणि ती चालवणारे कोळी. सुगीला गाव त्यांना धान्य घालायचं. त्या नावेनं काय नेलं नाही? बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, गुळाच्या ढेपा नेल्या. बैलगाडी नावेत चढवायची आणि बैल नावेच्या कडेनं पोहत न्यायचे, वरून कासरा धरून. आमची निम्मी जमीन पलीकडं होती, म्हणून आमचे बैल पट्टीचे पोहणारे.

पोलीस ॲक्शनच्या आधी अलीकडचा काठ निजामाचा आणि पलीकडचा इंग्रजांचा. उतारावर जकातीचा नाका होता. शिपाई गाडी उचकायचे, लुगड्यांच्या घड्या मोडायचे, वर शिव्या द्यायचे. पण बैलांना त्यांनीही कधी अडवलं नाही, असं आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. मग नाका उठला. आता गंगेवर आपल्याला अडवणारं कुणी उरलं नाही, असं आबांना वाटलं. बिचारे आबा!

पुढं पैठणला धरण झालं. गाव उठून माळावर गेलं. अलीकडची जमीन सगळी पाण्याखाली गेली. पलीकडची उंचावर होती, तेवढी वाचली. तिला गिऱ्हाईक घरी चालून आलं होतं. आबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, कारण गावाच्या बैठकीत एका साहेबांनी सांगितलं होतं की नवा धक्का बांधू, लाँच सुरू होईल. आबांनी उभं राहून एकच विचारलं, "साहेब, रोज येईल ना?" साहेब म्हणाले, रोज.

लाँचवर बैल चढतील का, हे आबांनी विचारलं नाही. गावात दुसऱ्या कुणीही विचारलं नाही. नाव म्हटली की तिच्यासोबत बैल आलेच, त्यात विचारायचं काय?

लाँच सुरू झाली त्या दिवशी आबांनी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, झुली घातल्या. बँड वाजला, नारळ फुटला, पाहुण्यांनी फीत कापली. आणि आबा जोडी घेऊन धक्क्याची उतरण उतरायला लागले.

लाँचवाला ओरडला, "ओ काका, बैल कुठं आणता? ही माणसांची लाँच हाय."

"मंग शेत काय माणसांनी नांगरायचं?" आबा म्हणाले.

सगळे हसले. पाहुणे हसले, बँडवाले हसले. आबाही हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी लाँचचं दार बघितलं. ते एका माणसापुरतं होतं.

पाणी आता एवढं पसरलं होतं की बैल पोहून जाणं शक्य नव्हतं. आबांनी एकदा जोडी पैठणवरून रस्त्यानं वळसा घालून नेली. पोचेपर्यंत पेरणीचा वाफसा निघून गेला. पुढच्या वर्षी शेत पडीक राहिलं. आबा लाँचनं एकटेच जायचे, बांधावर बसायचे आणि तिन्हीसांजेला परत यायचे. त्यांना जेवण जाईना.

मी तेव्हा दहावी पास झाले होते. औरंगाबादला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, हे ठरलं होतं. आबांनीच व्हय म्हटलं होतं, पत्र्याची पेटीही आणली होती. एक दिवस ते पलीकडून आले ते खुशीत.

मायला म्हणाले, "आपल्या बांधाला लागून ज्यांचं शेत हाय ना, त्यांच्यात पोरगं हाय लग्नाचं. दोन बैलजोड्या हायेत दारात."

"पोरगं कसं हाय?" मायनं विचारलं.

"सांगितलं की. दोन जोड्या हायेत. पोरगी तिकडं गेली की शेत पडीक राहायचं नाय."

वऱ्हाड लाँचनंच गेलं. बैलांना त्या दारातून जाता येत नव्हतं. मला येत होतं, पेटीसकट.

पहिल्याच हंगामात माझ्या नवऱ्यानं आमचं शेत नांगरलं. सासरे गावभर सांगत फिरायचे, "सून आणली तवाच जमीन आली." पुढं पाऊस दगा देत गेला, पाणी धक्क्यापासून लांब सरकलं, लाँच बंद पडली ती पडलीच. माझं माहेर पैठणवरून दिवसभराच्या एसटीचं झालं आणि मला कुणी पाठवेना. मला आबांचा राग येतो, अजूनही येतो. ते वाईट असते तर एवढा आला नसता.

लाँच बंद झाल्यावर एकदा आबा गाड्या बदलत आले आणि घरी न येता तसेच शेतावर गेले. मला कळलं तशी मी पाण्याचा तांब्या घेऊन पळत सुटले. किती महिन्यांनी बाप दिसत होता. ते बांधावर उभे राहून नांगरट बघत होते. पाणी प्याले, तोंड पुसलं.

"बैल चांगले हायेत," म्हणाले.

"व्हय."

"खायला घालतात ना येळच्या येळी?"

"घालतात," मी म्हटलं आणि तशीच उभी राहिले. आता ते माझं विचारतील, असं मला वाटलं. आबांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि गाडी चुकेल म्हणून निघाले.