विरजणाची अट

शिंदेबाईंचं टायपिंगचं दुकान त्यांच्या घराच्या पुढच्याच खोलीत आहे. काल मी भाडेकरार टाइप करून घ्यायला गेलो, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाटी आलेली: प्रोग्रॅमच्या परवान्याची मुदत संपली.

"बघा," बाई वैतागून म्हणाल्या, "टायपिंग माझं, फायली माझ्या, आणि उघडायला परवानगी त्या कंपनीची!"

तेवढ्यात शेजारची लता आली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिला विरजण हवं होतं. बाईंनी आतून वाटीत चमचाभर दही आणून दिलं आणि बजावलं, "उद्या तुझ्याकडे कुणी मागायला आलं, तर नाही म्हणायचं नाही." ही त्यांच्या सासूबाईंची अट.

मी विचारलं, "मग समोरच्या डेअरीचं दही कोण घेतं?"

"घेतात की! तो डेअरीवालाही माझंच विरजण नेतो. राबतो, विकतो. त्यात काय वाईट?"

मला मौज वाटली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही पोट आहे, त्याने दाम जरूर घ्यावेत. पण बाजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कुलूपच का येतं? या गल्लीत दही विकलंही जातं आणि विरजण वाटलंही जातं. कुणाचंच काही अडत नाही.

बाईंनी करार हाताने लिहायला घेतला, तोवर लता परत आली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. धुतलेल्या वाटीत एक पेनड्राइव्ह होता.

"यात लिहायचा प्रोग्रॅम आहे, तुमच्या फायलीही उघडेल. मुदत नाही," ती म्हणाली. "अट मात्र तुमच्या सासूबाईंचीच."