सुकलालनं हात वर केला

कबड्डीत कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याचं एक दुःख असतं, ते कुणी विचारत नाही. चढाई करणारा अंगावर आला की बचाववाले एकमेकांचे हात धरून सरकतात. पण कोपऱ्यावरच्याला एकाच बाजूला सोबती. दुसरा हात मोकळाच. सुकलाल सात वर्षं डाव्या कोपऱ्यावर उभा राहिला, आणि तेही गावच्या जत्रेत नव्हे हो, टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये! चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला पोरगा, पण त्यानं घोटा धरला की भलेभले मॅटवर आडवे व्हायचे.

हा खेळ त्याला शिकवला झिपरू नानांनी. नाना गावच्या शाळेत शिपाई. मैदान म्हणजे काळी माती. खेळ रंगला की धुरळ्यात कुणाचा पाय कुणाला लागला ते ब्रह्मदेवालाही दिसू नये. म्हणून नानांचा एकच कायदा: "लागनं का हात वर. पंच देखो का नको देखो." ज्याला लागलं त्यानं स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. एखाद्यानं लपवलं तर नाना त्याला आठ दिवस खेळू द्यायचे नाहीत, मैदानावर पाणी मारायला लावायचे. सुकलालनं असं पाणी एकदाच मारलं. पुढं हात आपोआप वर जायला लागला.

तोच हात उपांत्य सामन्यात वर गेला. शेवटची चढाई होती, गुण बरोबरीत. समोरचा गडी वळता वळता पाय झटकून गेला आणि त्याच्या पायाची करंगळी सुकलालच्या पोटरीला निसटती लागली. त्या गड्याला स्वतःला कळलं नाही. पंचांनी चढाई रिकामी ठरवली. कॅमेऱ्यातही काही दिसलं नव्हतं. आणि हा बहाद्दर हात वर करून, मान खाली घालून चालू लागला! तो एक गुण गेला आणि त्याच्यासोबत सामनाही गेला.

प्रशिक्षक पाठ फिरवून बसमध्ये जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चार वर्षं ज्याचा हात धरून सुकलाल खेळला तो धुळ्याचा अमृत बसमध्ये एवढंच म्हणाला, "भाऊ, कुणी पाहिलं होतं का रे?" आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मोबाइलवर दोन दिवस 'खरा खेळाडू' म्हणून फुलं आणि टाळ्या वाहत होत्या, पण टाळ्या वाजवणारे संघ विकत घेत नाहीत. पुढच्या हंगामाची बोली लागली तेव्हा टीव्हीसमोर सगळं गाव जमलं होतं. सुकलालचं नाव आलं. एकाही संघानं बोली लावली नाही. पुढचं नाव आलं.

मग काय, गावाला विषयच मिळाला. चहाच्या टपरीवर तो दिसला की कुणीतरी हात वर करायचं आणि बाकीचे खो खो हसायचे. "हात दाखवून अवलक्षण!" ज्या गावानं ही खोड लावली तेच गाव हसतं, आता बोला! आई मोतीबाई तेवढी खुशीत होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घालता घालता तिनं विचारलं, "आते घरीच ऱ्हाशी ना रे?" तिला काय सांगणार? त्याला या जगात फक्त एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी म्हणावं, सुकलाल, तू बरोबर केलंस. कुणीतरी म्हणजे नानांनी.

नाना आता धुळ्यात लेकीकडे असायचे, डोळ्यांनी अधू झालेले. सुकलालनं एसटी पकडली. लेकीनं, कामिनीताईनं दार उघडलं, चहा ठेवला. नाना खाटेवर बसले होते. आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कसाले हात वर कया रे?"

"तुम्हीच शिकवलं ना नाना."

नाना म्हणाले, "शाळाना कपाटमा ती ढाल शे, याद शे?"

याद कशी नसेल? दर पंधरा ऑगस्टला सुकलालच ती राखेनं घासून लख्ख करायचा. नानांच्या तरुणपणी गावानं चोपड्यात जिंकलेली ती एकुलती एक ढाल.

"त्या फायनलमा माले लागनं व्हतं," नाना म्हणाले. "टाचले. पंचनी देखं नही. समोरना पुना नावना गडी व्हता, त्याले समजनं व्हतं. त्यानी मन्हाकडे देखं. मी हात वर कया नही. आम्ही जिकनूत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणून तुमले बठ्ठा पोऱ्यासले शिकाडं. तू बरोबर कया असं सांगाना माले हक्क नही रे, पोऱ्या."

सुकलालला वाटलं, उठावं आणि निघून जावं. सात वर्षं त्याला वाटत होतं की कोपऱ्यावर आपल्या मोकळ्या हाताशी नाना उभे आहेत. त्या दिवशी आपण नानांच्याच वाटेनं चाललो, असं म्हणून त्यानं मनाची समजूत काढली होती. आणि नाना त्या वाटेनं कधी गेलेच नव्हते. त्याला रडू फुटलं. त्यानं ते लपवलंही नाही, नानांना कुठं दिसणार होतं.

पण ऐकू येत होतं. नाना खाटेवर सरळ बसले. त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला, खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर, आणि तिथंच राहिला.

स्वयंपाकघरातून कामिनीताईनं पाहिलं. "काय हवंय नाना? पाणी देऊ?"

नानांनी हात तसाच ठेवला. ती पाणी आणायला वळली. सुकलालनं डोळे पुसले आणि तो हात खाली येईपर्यंत तिथंच बसून राहिला.