बाटल्यांची झाकणं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आखातातल्या मुसफ्फाच्या आमच्या खोलीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांत बिअर भरणं. घरी बिअर करायला मी नुकताच शिकत होतो. पहिल्या खेपेला झाकणं घट्ट आवळली आणि दोन बाटल्या फुटल्या. तेव्हापासून बायको रोज सकाळी झाकणं सैल करून हवा सोडायची, परत लावायची.

"तुम्ही हात लावू नका. तुमच्या हाताला अंदाज नाही," म्हणायची.

त्या शेवटच्या बाटल्या भरल्या त्याच दुपारी तिच्या छातीत कळ आली. संध्याकाळी हॉस्पिटलातच ती वारली. मी नुसता बाकावर बसून होतो.

सकाळी घरी आलो तर बाटल्या फुगलेल्या. एकेक झाकण सैल केलं. परत लावली नाहीत. किती आवळायची, ते तिलाच माहीत होतं.