शब्बाथ लागला आणि चहा मागितला

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी, तर गेल्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी, सोलापुरात दिवस मावळला आणि आईचा शब्बाथ, म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, लागला, अगदी त्याच मिनिटाला. कोणी केला, तर तीन बाप्यांनी: माझे पप्पा, माझा मामा आणि पप्पांच्या चर्चचे पाळकसाहेब. ख्रिस्ती माणसानं विसावा कोणत्या वारी घ्यावा, याचा निकाल लावायला हे तिघं आमच्या पुढच्या खोलीत बसले होते. निकाल लावता लावता त्यांनी आईकडे चहा मागितला.

पत्रक असंच सुरू करायचं असतं, हे मला आमच्या वॉर्डातल्या पाण्याच्या आंदोलनात शिकवलं. कोणावर अन्याय, केव्हा, कोणी केला. मग मागणी. मधे फुलं-पाखरं नकोत. तेव्हापासून मी पत्रकं लिहिते. नळाची लिहिली, तुंबलेल्या गटाराची लिहिली. एक पत्रक मात्र फिरून माझ्याच घरात येऊन लागलं.

आमच्या घरात दोन शब्बाथ आहेत. पप्पा रविवारवाले. त्यांच्या आजोबांपासून सगळे रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला जाणारे. आई शनिवारवाली. तिचं माहेर मंद्रूपचं, आणि तिथली मूठभर ख्रिस्ती घरं सातवा दिवस पाळतात. शुक्रवारी सूर्य बुडाला की कामं बंद, शनिवारी बुडाला की सुरू. मामाची तिथं पिठाची गिरणी आहे. शनिवारी गिरणीला कुलूप. बाया डबे घेऊन दारात बोंबलल्या तरी तो खाटेवरनं हलत नाही.

लग्न ठरताना दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी तोडगा काढला. मुलीनं शनिवार पाळावा, मुलानं रविवार पाळावा, कोणी कोणाला अडवू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणे. काय पुढारलेले लोक!

आता हा तोडगा चालतो कसा, ते बघा. शनिवारी आईचा विसावा. म्हणून ती शुक्रवारीच दुप्पट राबते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, सगळं झाकून तयार. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी वाळते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. देवानं ती शनिवार पाळणाऱ्यांसाठीच सोलापूरला धाडली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पप्पांचा शनिवार म्हणजे कामाचा वार. ते टॉवेलच्या कारखान्यातून येतात, ताटाकडे बघतात आणि म्हणतात, "माझे दात रविवारचे आहेत. गरम काहीतरी कर." शब्बाथाच्या दिवशी भांडण नको म्हणून आई गॅस पेटवते. मग येतो रविवार. रविवारी पप्पांचा विसावा, आणि विसावा घेणाऱ्या माणसाला मटण लागतं. उपासनेनंतर दोघं-तिघं पाहुणेही लागतात. आई तर कालच विसावा घेऊन ताजीतवानी झालेली, मग तिला काय अडचण? असं हे गणित. दोन शब्बाथांच्या घरात आईच्या वाट्याला अर्धासुद्धा नाही.

म्हणून मी पत्रक काढलं. 'शनिवार की रविवार? एकदाच काय ते ठरवा!' रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकात उभी राहून वाटलं. मुद्दा साधा होता. बायबलातल्या दहा आज्ञांत विसाव्याला सातवा दिवस सांगितलाय. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, बोट लावून मोजा. रविवार पहिला येतो, शनिवार सातवा. प्रभू रविवारी मेलेल्यांतून उठला हे खरं आहे, त्याचा आनंद रविवारी जरूर करा, पण त्यासाठी आज्ञेतला वार हलवा असं कोणी सांगितलं? एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण शेवटी मी एक वाक्य टाकलं: 'ज्यांना सातपर्यंत मोजता येत नाही, त्यांनी दहा आज्ञा शिकवू नयेत.'

आमचे पाळकसाहेब आठवडाभर गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांना ते लागलं.

त्यांनी पप्पांना निरोप दिला, बसून बोलू. पप्पांनी मामाला फोन लावला, कारण त्यांच्या मते हे सगळं विष मंद्रूपहून येतं. आता बसायचं कधी? शनिवारी मामा येणार नाही. रविवारी पाळकसाहेबांना उसंत नाही. मधल्या वारांना पप्पांची कारखान्यातली पाळी, नाहीतर मामाची गिरणी. शब्बाथ कधीचा हे ठरवायला वार सापडेना! शेवटी शुक्रवार संध्याकाळ ठरली. मामा रात्री आमच्याकडेच राहणार होता. म्हणजे आईला जेवणारं तोंड आणखी एक.

पाळकसाहेब आले, बसले, पाणी प्याले. म्हणाले, "मुली, आपण वाराचे गुलाम नाही. मंडळी पहिल्यापासून रविवारी जमत आली. तो प्रभूचा दिवस."

"जमा की," मामा म्हणाला. "कोण नगं म्हणतंय? सोमवारी बी जमा. पर देवानं पवित्र केला त्यो सातवा. त्यो तुमी कुटं ठिवला?"

"तो यहुद्यांसाठी होता."

"मग चोरी करू नको ही आज्ञा बी त्यांच्यासाठीच व्हती काय? चालू दे मग चोऱ्या!"

मी टाळी वाजवली. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरी वाजवली.

मग पप्पांनी बायबल उघडलं. ते एरवी उपासनेत डुलक्या घेतात, पण त्या दिवशी चष्मा लावून आज्ञा वाचू लागले आणि एकदम खुशीत आले. "हे बघा, पाळकसाहेब. कोणी कोणी काम करायचं नाही, ते लिहिलंय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका पाहुणा. बायको कुठंय? बायकोचं नावच नाही!"

पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "अहो, 'तू' म्हटलं की त्यात बायको आलीच."

"'तू' म्हणजे मी," पप्पा म्हणाले.

आतून कुकरची शिट्टी झाली. आई दारात येऊन उभी राहिली, हातात पोळपाट. ढोराला सुट्टी, पाहुण्याला सुट्टी, हे तिनं ऐकलं होतं. तिनं पोळपाट नुसता काखेत धरला. मी मात्र बोलले, आणि जे बोलले ते पत्रकातही छापता येणार नाही.

एवढ्यात मामानं हात वर केला. समोरच्या बंद कापडगिरणीच्या चिमणीमागं सूर्य गडप झाला होता. मामा गंभीर आवाजात म्हणाला, "लागला शब्बाथ." डोळे मिटले, मनात प्रार्थना केली, उघडले. आणि म्हणाला, "ताई, चा टाक की जरा."

"मला साखर जास्त," पप्पा म्हणाले.

"माझ्यात नको," पाळकसाहेब म्हणाले.

हाच तो अन्याय. शनिवार पाळणाऱ्यानं सुरुवात केली आणि रविवार पाळणाऱ्यांनी साखरेचं ठरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं. आणि आई वळली, पातेलं घ्यायला!

मी "थांब!" म्हणून ओरडले, तेवढ्यात बोळातून शेजारच्या काकूंची हाळी आली, "नीरु बंतु! पाणी आलं वो, पाणी!"

आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांतनं येतं, त्याला वाटेल तेव्हा येतं आणि भरून होण्याआधी जातं. ते आलं की सोलापुरात मयताच्या घरचे लोकसुद्धा आधी बॅरल भरतात.

"पळ, पळ," पप्पा बसल्या जागेवरून आईला म्हणाले.

आईनं पदर खोचला. मी दारात आडवी झाले. "आई भरणार नाही. तिचा शब्बाथ लागलाय. मामानं आत्ताच सांगितलं."

"बरोबर हाय पोरीचं," मामा म्हणाला. मग त्याला सुचलं, "आन् माझा बी लागलाय."

पप्पांनी कमरेला हात लावला आणि कळ आल्यासारखं तोंड केलं. पाळकसाहेब म्हणाले, "मी तर पाहुणा. पाहुण्याला मोकळीक आहे, आत्ताच वाचलं आपण."

"ती शब्बाथाला," मी म्हणाले. "तुम्ही तो रविवारी धरता. तुमच्या हिशेबानं आज साधा शुक्रवार आहे, पाळकसाहेब. कामाचा वार."

गणिताचा माणूस तो. क्षणभर विचार केला, बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि बादली उचलली. पाळक बादली घेऊन निघाल्यावर पप्पांची कमर आपोआप सरळ झाली. मामा कट्ट्यावर येऊन बसला आणि बसल्या बसल्या हुकूम सोडू लागला. "घागर तिरकी धरा वो. सांडतंय की! दाजी, आधी बॅरल, मग हंडे."

काकूंचा नळ आमच्या नळाला लागूनच. त्या अक्कलकोटकडच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांनी मामाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्ये कोण बसलंय? हातपाय हायत न्हवं?"

"शब्बाथ हाय माजा, अक्का. आज काम करत न्हाय."

"अय्यो, असं व्हय! आमच्यात बी हाय की. सोमवारी बैल जुंपत न्हाईत. बसवण्णाचा वार." काकूंनी पाइप दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला. "पर आमचा बैल गप पडून ऱ्हातो. चा मागत न्हाई."

पाळकसाहेब हसले आणि अर्धी बादली स्वतःच्या पायावर ओतून घेतली.

"आन् वैनी," काकू आईकडे वळल्या, "बैलाला सोमवार, तुमच्या भावाला शनवार, मालकाला रईवार. तुमाला कंचा वो?"

हा प्रश्न मी पत्रकात घातला नव्हता, म्हणून राग आला. पण उत्तर मला ठाऊक होतं. आई छातीठोकपणे शनिवार म्हणणार, बोळासमोर रविवारवाले गार पडणार. मी पाळकसाहेबांच्या तोंडाकडेच बघत होते.

आई म्हणाली, "बेस्तरवार."

"गुरुवार?" मी, पप्पा, मामा आणि पाळकसाहेब एकदम.

"बेस्तरवारी ह्यांची दुपारची पाळी असती. ही बोंबलत फिरती कुटंतरी. घरात कुनी नसतंय. मी फॅन लावते, फरशीवर उशी टाकते आन् दिवे लागंपर्यंत पडते. दार वाजलं तर उघडत न्हाय. लई बरं वाटतंय."

"ताई, अगं गुरुवारला आधार कुटाय?" मामा कट्ट्यावरनं उठला. शब्बाथ लागल्यापासून त्यानं केलेलं हे पहिलं काम.

"देवाला म्हाईत हाय. मी सांगितलंय त्याला."

पाळकसाहेबांना राहवलं नाही. ओल्या पॅन्टनिशी ते म्हणाले, "तसं बघितलं तर अगदीच निराधार नाही. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते गुरुवारीच."

"मग तुमी भांडी धुवा," आई म्हणाली आणि आत जाऊन बसली.

त्या रात्री जेवणाची भांडी पाळकसाहेबांनी घासली, पप्पांनी विसळली. मामा बघत बसला. इथवर विजय माझाच होता. पण पुढं काय झालं ऐका.

आता गुरुवार सगळ्यांना कळला. पप्पा पाळीला जाण्याआधी दोनदा विचारतात, "झोपणार ना गं नक्की?" आणि मधल्या सुट्टीत फोन करून विचारतात, "झोपलीस का?" पाळकसाहेबांनी घरी सांगितलं, तर त्यांच्या पत्नी गुरुवारी भेटायला येऊ लागल्या, तुम्ही एकट्या असता म्हणून. मामा गुरुवारी दुपारी मंद्रूपहून फोन लावतो आणि गिरणीच्या धडधडाटात ओरडून सातवा दिवस समजावतो. काकू उशी घेऊन येतात. म्हणतात, आमच्या फॅनचं कॉईल जळलंय. एवढ्या जणांना चहा कोण करतं, ते लिहायला नको. हे सगळं माझ्या पत्रकामुळं झालं, असं पप्पा म्हणतात. मला ते अमान्य आहे. पत्रक बरोबर होतं, वाचणारे चुकले.

मी मुद्दा सोडलेला नाही. सातवा दिवस शनिवारच आहे. तुम्ही रविवार पाळत असाल तर तुम्ही चुकताय, हे मी तोंडावर सांगते. पण शनिवार पाळून बहिणीकडे चहा मागत असाल तर तुम्हीही पाळत नाही, नुसते बसता.

म्हणून मागणी एकच, आणि ती तुमच्याकडे. हे वाचणारे तुम्ही, तुमच्या घरात जिला कुठलाच वार नाही तिच्यावरून चर्चा भरवू नका. तिचा वार कोणता हे तिला विचारूही नका, नाहीतर तोही घालवाल. येत्या शनिवारी सकाळी ती सोडून घरातले सगळे उठा, आपापल्या चपला घाला, घराबाहेर पडा, आणि दिवस बुडेपर्यंत फोन करू नका.