फोनच्या मागे आलेला माणूस

ती तक्रार आजही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. खून, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता पुसट झालेत. या प्रकरणात कोणाला साधी दुखापतही झाली नव्हती, तरी ते आठवलं की मला अस्वस्थ व्हायला होतं.

मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराने एका तरुणीला माझ्याकडे पाठवलं. मूळची विदर्भातली, इथे आयटी कंपनीत नोकरीला. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घर सोडून विश्रांतवाडीत भाड्याने राहत होती. घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू होता.

"साहेब, मी कुठे आहे ते त्याला कळतं," ती म्हणाली. "दोनदा घर बदललं. सिम बदललं. तरी तो येतो."

"फोन कोणाला दाखवलात?"

"दोन ठिकाणी. फोनमध्ये काही नाही म्हणाले."

"नवा नंबर कोणाकोणाकडे आहे?"

"ऑफिसात. आणि आईकडे. आता आईचाही फोन उचलत नाही मी."

आमच्या सायबर विभागानेही फोन तपासला. स्वच्छ होता. ठाण्यातल्या एक-दोघांचं मत पडलं की बाई उगाच घाबरतेय. घाबरलेला माणूस पाल्हाळ लावतो, हा माझा अनुभव. ही मुलगी मोजकं बोलत होती. म्हणून मी तिला प्रत्येक वेळी तो नेमका कुठे दिसला ते विचारत गेलो. आधी तो कॉलनीच्या रस्त्यावर घुटमळताना दिसायचा, मग चौकातल्या दुकानांत चौकशी करायचा आणि काही दिवसांनी सोसायटीच्या गेटवर यायचा. नव्या घरीही तोच क्रम.

हे ऐकल्यावर मला चैन पडेना. फोनमध्ये काही बसवलं असतं, तर तो थेट दारात आला असता. हा आधी परिसरात येत होता आणि मग शोधत होता. मोबाइलच्या टॉवरवरून माणूस कुठल्या भागात आहे एवढंच समजतं, घर समजत नाही. आणि टॉवरची ती माहिती मोबाइल कंपनी कोणाही नवऱ्याला देत नाही. ती मिळते आम्हाला.

मी ठाण्यात कोणाजवळ बोललो नाही. फक्त एका अनुभवी महिला हवालदाराला विश्वासात घेतलं. नवरा बहुतेक रविवारीच यायचा. त्या दिवशी तरुणीने तिचा फोन हवालदाराकडे द्यायचा, हवालदाराने तो घेऊन साध्या वेशात, सोबत दोन शिपाई, शहराबाहेर खडकवासल्याच्या धरणावर जायचं आणि तरुणीने आमच्या ठाण्यात थांबायचं, असं ठरलं. खडकवासल्याला ती कधीच गेलेली नव्हती.

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. मला मनातून बरं वाटलं. आपला संशय खोटा ठरावा असं वाटण्याची माझ्यावर क्वचितच वेळ आली होती.

पुढच्या रविवारी दुपारी हवालदाराचा फोन आला. "सर, आलाय. धरणाजवळच्या कणीसवाल्यांना मॅडमचा फोटो दाखवत फिरतोय."

त्याला ठाण्यात आणलं. नीटनेटका, शिकलेला माणूस. चहा दिला तर आभार मानले.

"खडकवासल्याला कशासाठी गेला होतात?"

"असंच. फिरायला."

"बायकोचा फोटो दाखवत?"

"बायको आहे माझी. तिला शोधायचा हक्क आहे मला."

"अहो, शोधायला ती हरवलीय कुठे? नोकरी करते, कोर्टाच्या तारखेला हजर राहते. तिथे भेटतेच की तुम्हाला."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मी म्हटलं, "आज ती खडकवासल्याला नव्हतीच. सकाळपासून या ठाण्यात बसलीय. तिथे फक्त तिचा फोन गेला होता. तुम्ही फोनच्या मागे आलात. फोन तिथे आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, "माझा मामेभाऊ तुमच्यातलाच आहे." आवाजात भीती नव्हती. उलट आता मी त्याला सोडून देईन, असाच सूर होता.

मामेभाऊ एका तपास पथकात उपनिरीक्षक होता. त्याला बोलावलं. चुणचुणीत मुलगा, कामाला चांगला. त्याने काही लपवलं नाही.

"सर, आत्या रोज रडायची. वहिनीचा पत्ता तेवढा काढून दे म्हणायची. घरचं काम म्हणून केलं."

"परवानगी कशी मिळाली?"

"वाहनचोरीच्या तपासात संशयितांचे नंबर मोबाइल कंपनीला पाठवायचे होते. त्यात वहिनीचाही घातला. लोकेशन रोज येत राहिलं."

"वर कोणी विचारलं नाही, हा नंबर कोणाचा?"

"सर, कोण वाचतं?"

"तिने सिम बदललं होतं. नवा नंबर कुठून आणलास?"

इथे मात्र त्याने मान खाली घातली. "तिच्या आईच्या फोनचे कॉल काढले. आई ज्या नव्या नंबरवर रोज बोलायची, तो तिचाच असणार."

म्हणजे वाहनचोरीच्या तपासात विदर्भातल्या एका घरात बसलेली म्हातारी बाईही संशयित झाली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी तरुणीला हे सांगितलं. तिने त्याच वेळी, माझ्यासमोरच, आईला फोन लावला. "आई, नंबर तू दिला नव्हतास," एवढंच म्हणाली. मी केबिनच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

वरून निरोप आला, पोरगा तरुण आहे, खात्यातल्या खात्यात मिटवा. मी गुन्हा नोंदवला. उपनिरीक्षक निलंबित झाला, नवऱ्याला तिच्या आसपास न फिरकण्याच्या अटीवर जामीन मिळाला. दोषारोपपत्र मी स्वतः पाठवलं. माझ्या निवृत्तीपर्यंत खटला उभा राहिला नव्हता. काही सहकाऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून सोडलेलंच आहे. घटस्फोट मात्र तिला मिळाला.

गुन्हा सिद्ध करायचा, तर त्या उपनिरीक्षकाने तिची कोणती माहिती काढली ते मला सगळं तपासावं लागलं. ती कुठल्या विहारात, कुठल्या दवाखान्यात फोन करायची, कोणाशी किती उशिरापर्यंत बोलायची. जबाबावर सही करायला आली तेव्हा तिने विचारलं, "हे सगळं तुम्ही वाचलंत?"

"तपासासाठी वाचावं लागलं."

"मला कळतं ते. पण म्हणजे आता तुम्हालाही माहीत आहे."

तिने सही केली, नमस्कार केला आणि गेली. माझं काम कायदेशीर होतं, हेतू चांगला होता. तो उपनिरीक्षकही आपला हेतू चांगलाच समजत होता. आमच्यात फरक होता आणि तो मोठा होता, हे मी कोर्टात छातीठोकपणे सांगेन. पण जिचं आयुष्य उघडं पडलं तिच्या बाजूने पाहिलं, तर तिची परवानगी दोघांपैकी कोणीच घेतली नव्हती.

त्यानंतर मोबाइल कंपनीकडून माहिती मागवण्यासाठी माझ्या सहीला आलेली नंबरांची प्रत्येक विनंती मी ओळीने वाचली. हा कोणाचा, यात का आला, असं विचारत राहिलो. मुलं वैतागायची. साहेबांना आता वेळ फार आहे, असं माझ्यामागे म्हणायची. म्हणू दे. ज्या माणसाला आपण बघतोय हे त्याला ठाऊकच नसतं, तो तक्रार करायला येणार नसतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारायला त्या विनंतीवर सही करणाऱ्याशिवाय दुसरं कोणी नसतं.