दोन्का रुसेवाचं बंद पडलेलं खातं

दोन्का रुसेवाने प्लेव्हेन शहरात उभं आयुष्य ट्रॉलीबस चालवली. तिकीट न काढता चढलेल्या सख्ख्या बहिणीला तिने एकदा भर थांब्यावर उतरवलं होतं. बहीण वर्षभर बोलली नाही. आपलं काही चुकलं असं दोन्काला कधी वाटलं नाही. ती निवृत्त झाली तेव्हा जिन्यातल्या सगळ्या घरांनी तिला एकमताने इमारतीची व्यवस्थापक नेमलं. एकमताने, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं.

पॉइंटांची कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या गेंचोची. कोपऱ्यावरच्या, गावोगावी शाखा असलेल्या दुकानात फोन नंबर सांगितला की खात्यावर पॉइंट जमत, आणि पुरेसे जमले की बक्षीस मिळे. त्या वर्षीचं बक्षीस होतं एक भलंमोठं विजेचं पातेलं. आतला पदार्थ ते स्वतःच ढवळायचं. दर सप्टेंबरला अख्खा जिना अंगणात मिरच्या भाजून टोमॅटोबरोबर आटवतो आणि हिवाळ्याची ल्युतेनित्सा चटणी बरण्यांत भरतो. ढवळून ढवळून सगळ्यांचे खांदे निखळतात. त्यामुळे पातेल्याच्या चित्रावर जिन्याचा जीव जडला.

"प्रत्येकाने वेगळं खातं काढलं तर चमचा मिळेल, तोही मेल्यावर," गेंचो म्हणाला. "सगळ्यांनी दोन्काचा नंबर सांगू या."

"नियमात बसतं का?" दोन्काने विचारलं.

"नियमात लिहिलंय, एक खातं एका कुटुंबाला. आपण काय परके आहोत?"

दोन्काने विचार केला. लिफ्टच्या दिव्यावरून ही माणसं इतकी वर्षं भांडत होती, की त्यांना परकं म्हणणं कठीणच होतं. ती हो म्हणाली.

पॉइंट भराभर वाढले. जरा जास्तच भराभर. चौथ्या मजल्यावरच्या वास्काला जुळं झालंय, लंगोट लागतात, अशी सगळ्यांनी आपली समजूत करून घेतली. पातेलं अगदी हाताशी आलं आणि ऑगस्टअखेर फोनवर संदेश झळकला: संशयास्पद व्यवहारांमुळे आपलं खातं स्थगित करण्यात आलं आहे.

संशयास्पद हा शब्द दोन्काच्या बाबतीत कुणी कधी वापरला नव्हता. तिने चांगला ब्लाउज घातला आणि मदतकेंद्राला फोन लावला.

"बाई, तुमच्या कुटुंबात किती माणसं?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"साठेक असतील. वास्काची जुळी धरून."

"असं चालत नाही हो. पण खरी अडचण वेगळीच आहे. पार बुर्गास शहरातल्या आमच्या दुकानात एकाच गल्ल्यावर दिवसभर, दर दोन मिनिटांनी तुमचा नंबर टाकला जातोय. ज्या गिऱ्हाइकांचं खातं नसतं, त्यांचे पॉइंट तुमच्याकडे येतात. तिथे पाळीपाळीने बरेच गल्लेवाले बसतात, त्यांतल्या कुणाला ओळखता का तुम्ही?"

"बुर्गासला माझं कुणी नाही," दोन्का म्हणाली. ते खरंच होतं.

"नीट विचारून बघा. त्याचं नाव लेखी कळवलंत, तर खातं सुरू होईल आणि तुमचे स्वतःचे पॉइंटही परत मिळतील. नाहीतर कायमचं बंद."

दोन्काने फोन ठेवला आणि जिना उतरून गेंचोची बेल दाबली. त्याने दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि स्वतःच म्हणाला, "माझा भाचा. प्लामेन. मीच सांगितलं त्याला. म्हटलं, वाया जाणारेच पॉइंट आहेत."

"गाढवा."

"दोन्का, सहा महिने बेकार राहून त्याला नोकरी लागलीय. बायको पोटुशी आहे. नाव दिलंस तर उद्या रस्त्यावर येईल."

"मी दिलं नाही तर चोर मी ठरते."

"तू सांग, फोन हरवला होता."

"हरवला नव्हता," दोन्का म्हणाली आणि वर निघून गेली.

दोन दिवस जिन्यात दबक्या आवाजात चर्चा चालली. दोन्का नाव देणार, यावर बहुतेकांचं एकमत होतं. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन लावला. तीच मुलगी होती.

"कळलं का कुणी केलं ते?"

"नाही," दोन्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "खातं बंद करून टाका. आणि त्या गल्लेवाल्याला सांगा, हा नंबर पुन्हा टाकला तर मी स्वतः बुर्गासला येईन."

"म्हणजे तुम्ही त्याला ओळखता?"

"पोरी, तू तुझं काम कर," दोन्का म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. खोटं बोलायला इतकं कमी लागतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं. संध्याकाळी वास्का वाटीभर सूप घेऊन आली, काही न विचारता बसली आणि जुळ्यांतलं एक बाळ तिच्या मांडीवर ठेवून निघून गेली. बाळ झोपेपर्यंत दोन्काला दुसरा विचार करायला सवड मिळाली नाही.

नाव लेखी न मिळाल्याने दुकानाने प्लामेनला संशयावरून नुसती समज दिली आणि गल्ल्यावरून उचलून गोदामात टाकलं. नोकरी राहिली.

सप्टेंबरात अंगणात लाकडं रचून जुनी कढई चढली. दोन्काने लांब दांड्याचा डाव गेंचोच्या हातात दिला आणि समोर खुर्ची टाकून बसली. दुपार झाली तरी तिने कुणाला त्याची पाळी घेऊ दिली नाही.

"दोन्का, खांदा गेला माझा," गेंचो म्हणाला.

"बुडाला लागतंय," दोन्का म्हणाली. "खालून ढवळ."